दोन बोटांचं अंतर

“भैया, तीर कहीं है, लगता कहीं और है।”

झाशीच्या सिव्हिल लाइन्समध्ये कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम मी २००३ साली सुरू केलं. तेव्हापासून हे वाक्य मी वकिलांच्या मुंशींकडून ऐकलं, शाळांच्या लेखनिकांकडून ऐकलं, हिशेब लिहिणाऱ्यांकडून ऐकलं आणि घरी बसून आठवणी टाइप करणाऱ्या एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याकडूनही ऐकलं. शब्द थोडे बदलतात, दुखणं तेच असतं. पडद्यावरचा बाण एका बटणावर ठेवावा आणि दाबलं जावं शेजारचं. ओळीत जिथे क्लिक करावं तिथे कर्सर न जाता दोन अक्षरं पुढे जाऊन लुकलुकायला लागावा. तक्त्यातली पाचवी ओळ निवडावी आणि चौकट सातव्या ओळीवर उमटावी.

बिघाड म्हणून पाहिलं तर हा लहानसाच. प्रिंटर बंद पडला की दहा मिनिटांत फोन येतो. हार्ड डिस्क गेली की माणूस मशीन उचलून धावत येतो. बाण सरकला की मात्र लोक कित्येक दिवस कुणाला सांगतच नाहीत, सवय करून घेतात. कचहरीतल्या, म्हणजे कोर्टातल्या, एका मुंशीने चार महिने प्रत्येक बटणाच्या दोन बोटं डावीकडे क्लिक करून काम चालवलं होतं. आधी का नाही बोलावलंत, असं मी विचारलं, तेव्हा तो मान खाली घालून म्हणाला, “हमें लगा, हमारा ही हाथ बहक रहा है।”

हे त्याचं उत्तर माझ्या मनातून गेलं नाही. चुकतं मशीन आणि संशय माणूस स्वतःवर घेतो, असे बिघाड फार नाहीत. हा त्यांतला एक आहे. म्हणूनच मला तो मोठा वाटतो.

आमचं घराणं मूळचं कोकणातलं, पण झाशीत येऊन चार पिढ्या झाल्या. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर बुंदेली वळणाची हिंदी. ज्या गणेश मंदिरात १८४२ साली राणी लक्ष्मीबाईंचं लग्न लागलं, तिथल्या गणेशोत्सवात आमच्यासारखी मराठी घरं एकत्र येतात. माझी पहिली चार-पाच गिऱ्हाइकं मला तिथेच मिळाली. सिव्हिल लाइन्स ही इंग्रजांच्या काळात साहेबांच्या बंगल्यांसाठी आखलेली वस्ती. आज त्या भागात कचहरी आहे, सरकारी कार्यालयं आहेत, वकिलांच्या बैठका आणि शाळा आहेत. कागदावर चालणारी ही वस्ती हळूहळू कॉम्प्युटरवर आली आणि तिच्यामागून माझ्यासारखे लोक पोट भरायला लागले.

सुरुवातीला माउसच्या पोटात रबराचा गोळा असायचा. गोळ्याला टेकून दोन बारीक दांड्या फिरायच्या, एक आडव्या हालचालीसाठी, एक उभ्या. बुंदेलखंडात मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो, लू वाहते, धूळ दारं-खिडक्या बंद असल्या तरी आत येते. त्यात कूलरची ओल. त्या धुळीचा घट्ट काळा पट्टा दांड्यांवर चढायचा आणि बाण अडखळायचा. कधी आडवा जायचा, उभा जायचाच नाही. गोळा काढायचा, दांड्या नखाने खरवडायच्या, स्पिरिटचा बोळा फिरवायचा, की काम फत्ते. तेव्हा दोष हातात धरता यायचा आणि गिऱ्हाइकाला दाखवता यायचा. तो काळा पट्टा कागदावर काढून दाखवला की समोरच्याचा चेहरा निवळायचा. त्याचं कारण मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

मग गोळा गेला आणि तळाला लाल दिवा असलेले माउस आले. हा माउस खालच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजारावर फोटो काढतो आणि दोन फोटोंमध्ये काय सरकलं त्यावरून हाताची चाल ओळखतो. आमच्याकडे बाबूलोकांच्या टेबलावर जाड काच असते, काचेखाली देवाचा फोटो, टेलिफोन नंबरांची यादी आणि जुनं कॅलेंडर. स्वच्छ काचेवर माउसला ओळखायला काही खूणच सापडत नाही, त्यामुळे बाण उड्या मारतो. एका कार्यालयात मी माउस बदलून पाहिला, केबल बदलली, ड्रायव्हर नव्याने टाकला, सगळं करून थकलो. शेवटी चहा घेऊन आलेल्या शिपायाने फाइलचं एक पुठ्ठ्याचं कव्हर माउसखाली सरकवलं आणि बाण शहाण्यासारखा चालू लागला. तो रोज त्या खोलीत होता. काय होतंय ते तो पाहत होता, मी मात्र मला जे येत होतं ते करत होतो. तेव्हापासून खोलीत शिरल्यावर मी आधी तिथल्या सगळ्यांना विचारतो.

पण उड्या मारणारा बाण वेगळा आणि सरकलेला बाण वेगळा. उड्या मारणारा कुठेही जातो. सरकलेला बाण हाताचं सगळं ऐकतो, गुळगुळीत चालतो, फक्त जिथे दिसतो तिथे लागत नाही. या दुसऱ्या दुखण्याने मला आधी फसवलं आणि मग बरंच शिकवलं.

माझ्या हातून झालेलं पहिलं मोठं नुकसान सांगतो. २००६ किंवा २००७चा उन्हाळा असेल. एका वकिलांच्या बैठकीत मुंशीच्या मशीनवर ऑफिसच्या प्रोग्रामात क्लिक सरकत होतं. तासभर झटून कारण सापडेना. तेव्हा आमच्या धंद्यात अशा वेळी एकच ब्रह्मास्त्र असायचं, मशीन फॉरमॅट करायचं. मी फाइली नीट काढून ठेवल्या, सगळं पुसलं आणि पुन्हा भरलं. बाण जागेवर आला. दुसऱ्या दिवशी मुंशीचा फोन आला, आवाज पडलेला. त्याने सात-आठ वर्षं खपून प्रोग्रामला शब्द शिकवले होते. दोन अक्षरं टाइप केली की ‘प्रार्थी’ उमटायचं, दुसरी दोन टाइप केली की ‘उभय पक्ष’, आणखी दोनांत न्यायालयाच्या नावाची पूर्ण ओळ. ती सगळी यादी प्रोग्रामच्या पोटात होती, फाइलींत नव्हती. मी ती पुसून टाकली होती आणि ती परत आणायचा कुठलाच मार्ग नव्हता. तो मला एक शब्दही वावगं बोलला नाही. दोन आठवडे त्याला रोज संध्याकाळी उशिरापर्यंत बसावं लागलं, हे मला नंतर कळलं.

पुढे काही महिन्यांनी तोच बिघाड दुसऱ्या मशीनवर मी पाच मिनिटांत दुरुस्त केला, तेव्हा मला आनंद झाला नाही, लाज वाटली. दोष फक्त पडद्याच्या ड्रायव्हरमध्ये होता. तेव्हापासून मी नियम केला, लहानात लहान बदल आधी, एका वेळी एकच, आणि केलेला बदल परत फिरवता आला पाहिजे. आजही मी दुखणं या क्रमाने पाहतो. प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडायचा. मग तो साध्या, सुरक्षित अवस्थेत उघडून पाहायचा. लिब्रेऑफिससारख्या प्रोग्रामात आता त्यासाठी ‘सेफ मोड’ असतो, त्यात वापरणाऱ्याची मांडणी पुसली जात नाही, तेवढ्यापुरती बाजूला राहते. मग चित्र काढायचं काम ग्राफिक्स कार्डाकडून काढून घ्यायचं. ऑफिस प्रोग्रामांच्या अनेक आवृत्त्यांत हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन बंद करायची खूण असते. मग ड्रायव्हर. फॉरमॅट या यादीत शेवटी आहे आणि गेल्या कित्येक वर्षांत बाणापायी मला तिथवर जावं लागलेलं नाही.

आता काकूंविषयी. कचहरीपासून जवळच, स्वतःच्या घराच्या पुढच्या खोलीत त्या टायपिंग करायच्या. अर्ज, शपथपत्रं, भाडेकरार. आमच्या मराठी मंडळींपैकीच. तरुणपणी रेमिंग्टनच्या हिंदी टाइपरायटरवर हात बसलेला, नंतर वयाच्या पन्नाशीत कॉम्प्युटर शिकल्या. २००९च्या हिवाळ्यात त्यांनी मला बोलावलं. “अरे, हल्ली माझं क्लिक नीट बसत नाही बघ,” असं म्हणाल्या. मी खुर्चीत बसलो, माउस हलवला, पडद्याच्या डाव्या बाजूला वरच्या कोपऱ्यातली दोन-तीन बटणं दाबली. सगळं ठीक. उठलो आणि म्हणालो, “काकू, मशीन चांगलं आहे. एकदा डोळे तपासून घ्या.”

त्यांनी डोळे तपासून घेतले आणि नवा चष्मा केला. आमच्याकडे बाईमाणसाने स्वतःच्या कमाईतून स्वतःसाठी केलेला खर्च किती विचार करून केलेला असतो, ते मला माहीत आहे. महिनाभराने एका कामासाठी मी पुन्हा त्यांच्याकडे गेलो. त्या टाइप करत होत्या आणि मी मागे उभा होतो. त्यांनी खाली उजव्या कोपऱ्यातल्या एका बटणाकडे बाण नेला, बटणाच्या बराच अलीकडे थांबवला आणि दाबला. बटण दाबलं गेलं. मी विचारलं, “काकू, तुम्ही तिथे का दाबलंत?” त्या सहज म्हणाल्या, “तिथेच लागतं रे. चष्म्याचा नंबर अजून डोळ्याला बसला नसेल.”

माझ्या पायाखालची जमीन सरकली. मी त्यांच्या मशीनची मांडणी उघडली. भाच्याने त्यांना अक्षरं बारीक दिसतात म्हणून प्रेमाने सगळ्या पडद्याचं माप वाढवून दिलं होतं. विंडोजमध्ये एक इंच म्हणजे ९६ ठिपके हे मूळ माप धरलेलं असतं. ते त्याने १२० केलं होतं, म्हणजे सव्वापट. त्यांचा प्रोग्राम जुना. त्यातली बटणं नव्या मापाने मोठी होऊन दूर सरकायची, पण क्लिक कुठे पडलं ते प्रोग्राम जुन्याच मापाने मोजायचा. डावा-वरचा कोपरा हा मोजणीचा शून्य असतो, तिथे दोन्ही मापं जुळतात. मी नेमका तिथेच तपासून उठलो होतो.

मी मशीनचं माप पुन्हा ९६वर आणलं, मशीन पुन्हा सुरू करून प्रोग्राम उघडला आणि प्रोग्रामच्या आतला झूम दीडशे टक्के केला. अक्षरं मोठी राहिली, बाणही जागेवर आला. मग चष्म्याबद्दल माफी मागितली. त्या रागावल्या नाहीत. थोडा वेळ गप्प राहून म्हणाल्या, “मशीनवर अक्षर तिरकं पडलं की आम्ही कधी बोटाला दोष नाही दिला. मिस्त्रीला बोलवायचो, तो दांडी वाकवून सरळ करायचा. या कॉम्प्युटरपुढे बसलं की मात्र पहिल्यांदा आपलंच काहीतरी चुकलं असं का वाटतं रे?”

माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. आज थोडंफार आहे. टाइपरायटरमध्ये कळ, दांडी, अक्षर आणि कागद असं सगळं डोळ्यांसमोर घडायचं. गोळ्याच्या माउसमधला काळा पट्टाही दाखवता यायचा. पडद्यावर काय कशाच्या मापाने मोजलं जातंय ते दिसत नाही. जे दिसत नाही त्याला दोष देता येत नाही, मग दोष द्यायला समोर उरतो तो स्वतःचा हात.

त्या दिवसानंतर मी एक वही केली. प्रत्येक वेळी पडद्याचा चौकोन काढायचा आणि बाण कुठे दिसला, लागला कुठे, ते चारही कोपऱ्यांत आणि मध्ये खुणांनी मांडायचं. मांडायचं माझ्या हाताने, पण माउस चालवायचा तो ज्याचं दुखणं त्याने. मी हात पाठीमागे बांधून उभा राहतो. वहीची चाळीसेक पानं भरली तेव्हा माझ्या लक्षात आलं की अंतर स्वतःच बोलतं.

अंतर सगळीकडे सारखं असेल तर बाणाचं चित्र बदललेलं असतं, किंवा सबंध खिडकीच तिच्या जागेवरून सरकल्यासारखी मोजली जाते. बाण केवढाही मोठा दिसला तरी त्याचा खरा बिंदू एकच ठिपका असतो, साध्या बाणात तो टोकाशी असतो. एका घरी नातीने आजोबांना आवडेल म्हणून बाणाऐवजी कमळाचं फूल बसवून दिलं होतं. त्या फुलाचा खरा बिंदू पाकळीवर नव्हता, देठाशी होता. आजोबा पाकळीने बटण दाबायला जात आणि ते दाबलं जात नसे. मी फूल काढलं नाही. नातीला बसवून बिंदू कुठे असतो ते समजावलं आणि तिनेच दुसरं फूल शोधून लावलं.

अंतर डाव्या-वरच्या कोपऱ्यात शून्य आणि पुढे वाढत जाणारं असेल तर मापं दोन आहेत, जसं काकूंकडे होतं. वर अक्षरं किंचित धुरकट दिसत असतील तर आणखी एक खूण मिळते. म्हणजे विंडोज त्या जुन्या प्रोग्रामचं चित्र लहान मापात काढून फोटोसारखं ताणून दाखवतंय. अशा वेळी त्या प्रोग्रामच्या आयकॉनवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, त्यातलं कम्पॅटिबिलिटीचं पान आणि तिथली हाय डीपीआयची मांडणी पाहायची. माप प्रोग्रामने स्वतः सांभाळायचं की विंडोजने, ते तिथे ठरवता येतं. दोन्ही करून पाहायचं, जे जुळेल ते ठेवायचं.

तिसरा प्रकार मला सगळ्यात उशिरा उमगला. अंतर ओळीच्या सुरुवातीला शून्य, ओळीच्या शेवटी दोन-तीन अक्षरांचं, आणि पुढच्या ओळीला पुन्हा शून्य. इथे पडद्याचा काही संबंध नाही, दुखणं अक्षरांच्या रुंदीत आहे. आमच्या कचहरीत वर्षानुवर्षं कृतिदेव फॉन्टमध्ये काम चालत आलं. एका मशीनवर टाइप केलेली फाइल दुसऱ्यावर उघडली आणि तिथे त्या फॉन्टची दुसरीच प्रत असली, की प्रोग्राम अक्षरं एका रुंदीने काढतो आणि कर्सर दुसऱ्या रुंदीने पुढे नेतो. प्रत्येक अक्षरामागे केसभर फरक पडतो, ओळीअखेर तो बोटभर होतो. कधी पानाची मांडणी प्रिंटरच्या मापाने धरलेली असते आणि प्रिंटर बदलला की तसंच होतं. उपाय म्हणजे दोन्हीकडे एकच फॉन्ट, एकच प्रत, आणि प्रिंटरच्या मापावर मांडणी करायची खूण असेल तर ती काढून पाहणं.

याच प्रकारात एकदा असं झालं की बिघाड शोधता शोधता बिघाड नाहीच, असं निघालं. कृतिदेव सोडून युनिकोडवर आलेल्या एका जुन्या टंकलेखकाची तक्रार होती की ‘स्थिति’ या शब्दात पहिल्या वेलांटीपुढे कर्सर ठेवता येत नाही, आणि एकदा मागे खोडलं की अक्षर राहतं, वेलांटी जाते. तो माणूस खरंच बोलत होता. टाइपरायटरवर आणि कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी आधी दाबतात, मग अक्षर, जसं कागदावर डावीकडून उजवीकडे दिसतं तसं. युनिकोडमध्ये आधी अक्षर साठवलं जातं आणि वेलांटी त्याच्या मागे, जसं आपण उच्चारतो तसं. दिसायला पुढे असलेली वेलांटी मशीनच्या हिशेबी मागे आहे. मी त्याला हे कागदावर लिहून दाखवलं. तो खूप वेळ कागदाकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “तो ये कान से लिखता है, हम आँख से लिखते थे।” इतक्या थोडक्यात आणि इतकं अचूक मला कधी सांगता आलं नसतं. त्यानंतर त्याची तक्रार राहिली नाही, कारण आपण का चुकतो आहोत ते त्याला कळलं होतं.

पुढे लॅपटॉप आले आणि दुखणं वाढलं. पंधरा इंचांच्या पडद्यावर १९२० बाय १०८० ठिपके बसवले की अक्षरं मुंगीएवढी होतात, म्हणून मशीन स्वतःच १२५ किंवा १५० टक्क्यांवर येतं. त्याला जुना मॉनिटर जोडला की तो १०० टक्क्यांवर. दोन पडद्यांना दोन वेगळी मापं द्यायची सोय विंडोजमध्ये २०१३ साली ८.१ या आवृत्तीपासून झाली, पण सगळे प्रोग्राम त्या वेगाने बदलले नाहीत. एका हिशेबनीसाच्या कार्यालयात तक्ता लॅपटॉपवर उघडायचा आणि ओढून मोठ्या मॉनिटरवर न्यायचा, असा रिवाज होता. ओढून नेला की चौकट दोन ओळी खाली. एक आकडा शेजारच्या घरात पडला आणि दुसऱ्याच्या खात्यात दिसू लागला. तो वेळेत लक्षात आला म्हणून बरं. ज्या मुलीच्या हातून ते झालं तिला बोलणी बसली होती. मी दोन्ही पडद्यांचं माप सारखं केलं, मॉनिटर जोडल्यावरच प्रोग्राम उघडायचा असं सांगितलं, प्रोग्रामातली अनेक पडद्यांसाठीची सुसंगतीची खूण लावली. आणि निघण्याआधी मालकांना बोलावून, त्या मुलीसमोर, जुन्या मांडणीत तीच चूक त्यांच्याच हाताने करून घेतली. ते काही बोलले नाहीत, पण तिला चहा सांगितला.

हे शेवटचं करणं माझ्या कामाचा भाग आहे की नाही, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. माझं उत्तर हो असं आहे. मशीन दुरुस्त करून निघून गेलं तर मशीन सुधारतं, पण माणसावर बसलेला ठपका तसाच राहतो. दोन्ही उतरलं तर दुरुस्ती पूर्ण झाली.

वहीचा खरा कस लागला तो २०२०च्या टाळेबंदीत. मार्चच्या शेवटी सगळं बंद झालं आणि मी घरी बसलो. एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. तो घरच्या लॅपटॉपवरून कार्यालयातल्या कॉम्प्युटरवर दूरच्या जोडणीने काम करत होता, पगारपत्रकं करायची होती आणि क्लिक भलतीकडे जात होतं. मला जाता येत नव्हतं. मी त्याला मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी आणायला सांगितली. पडद्याच्या डाव्या कडेपासून ८ सेंटिमीटरवर बाण ठेवून क्लिक केल्यावर ते कुठे लागतं? तो म्हणाला, १०वर. आता २०वर ठेव. तो म्हणाला, २५वर. मी डोळे मिटले. ८चे १०, २०चे २५, सव्वापट. त्याचा लॅपटॉप १२५ टक्क्यांवर होता आणि जोडणीच्या प्रोग्रामला ते ठाऊक नव्हतं. कुठे जायचं ते मी फोनवर सांगितलं, प्रोग्राम बंद करून उघडायला लावला. पलीकडून एकदम शांतता आणि मग, “भैया, लग गया।” त्या महिन्यात पंचवीसेक घरांचे पगार त्या पत्रकावर अवलंबून होते. न पाहता, न शिवता दुखणं ओळखता आलं, कारण पहिल्यांदा मी त्या माणसाने मोजलेल्या आकड्यांवर पूर्ण विश्वास ठेवला.

माउस ही अमेरिकेतल्या डग्लस एंगेलबार्ट यांची कल्पना. १९६४च्या सुमारास त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी लाकडी खोक्याला दोन चाकं बसवून पहिला माउस घडवला आणि ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत तो जाहीरपणे चालवून दाखवला गेला. मी त्याविषयी वाचतो तेव्हा मला त्या खोक्यापेक्षा त्यामागचा भरवसा महत्त्वाचा वाटतो. टेबलावर हात इतका सरकला तर पडद्यावर खूण तितकी सरकेल, हे हात आणि डोळा यांना दिलेलं वचन आहे. लहान मूल आईचं बोट धरून चालतं तसा माणूस त्या वचनाच्या आधाराने काम करतो. वचन मोडलं की त्याला राग येत नाही, तो गोंधळतो. गोंधळलेल्या माणसाला आधी हे सांगावं लागतं की तुमचा हात बरोबर आहे.

आता मीही पन्नाशीकडे आलो. वाचायचा चष्मा लागला आहे. गेल्या पावसाळ्यात एका शाळेतून फोन आला. वर्गातल्या स्मार्ट बोर्डवर बाई पेनाने रेघ काढत होत्या ती हातभर बाजूला उमटत होती. वर्गाच्या रंगकामात प्रोजेक्टर हलला होता, बोर्डवरच्या अधिक चिन्हांना क्रमाने पेन टेकवून माप जुळवलं की झालं, एवढंच काम. या वेळी मी माझ्याकडे शिकणाऱ्या मुलाला पुढे पाठवलं आणि स्वतः दाराशी उभा राहिलो. बाई अवघडल्या होत्या, मुलं मागे कुजबुजत होती. “मुझसे ही कुछ गड़बड़ हुई होगी,” असं त्या म्हणाल्या.

त्या पोराने पेन हातात घेतलं नाही. बोर्डला हातही लावला नाही. दोन पावलं मागे सरकला आणि म्हणाला, “मैडम, आप जैसे लिखती हैं, वैसे ही लिखिए। आपका हाथ ठीक है। मैं बस देखता हूँ, कितनी दूर लगता है।” बाईंनी रेघ काढली. त्याने खिशातून वही काढली आणि एक चौकोन काढला.